परगावच्या माणसाचे ताट

नागावच्या वाड्यांतून शुक्रवारी संध्याकाळी दूरध्वनी खणखणू लागतात. अलिबागपासून नऊ-दहा किलोमीटरांवर, अक्षी आणि चौल यांच्या मध्ये समुद्राला लागून पसरलेले हे गाव. नारळी-पोफळीचे उत्पन्न ही त्याची जुनी मिळकत. ‘घरगुती जेवणाची सोय’ ही पाटी त्यामानाने नवी. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवारी येणार असतात आणि वाडीतली गृहिणी त्यांना तीनच प्रश्न विचारते. माणसे किती, त्यांत शाकाहारी किती आणि पानावर बसणार किती वाजता? या तीन उत्तरांवर वाल भिजत पडतो, नारळ किती फोडावयाचे ते ठरते, तांदळाचे पीठ काढून ठेवले जाते. शनिवारी दुपारी पाहुण्यांपुढे वालाचे बिरडे, गरम भाकरी, अलिबागचा पांढरा कांदा आणि सोलकढी येते. वाया जाते ते फारच थोडे. पाहुणे तृप्त होऊन रविवारी परततात.

सोमवारी याच घरातील कोणी तरी मुंबईस निघते. हातात रुग्णालयाची फाईल असते, किंवा मुलाच्या प्रवेशाची कागदपत्रे, किंवा एखाद्या जुन्या दाव्याची तारीख. मांडव्याहून बोट धरावयाची तर पहाटेच घर सोडावे लागते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा २०२० च्या मार्चमध्ये सुरू झालेली भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट, नाही तर एस.टी.ने पनवेलमार्गे लांबचा रस्ता. पोटात सकाळचा चहा, फार तर एखादे केळे. परळच्या किंवा भायखळ्याच्या रुग्णालयातील रांग संपेपर्यंत दोन वाजतात. आणि त्या वेळी, ज्या शहरातील माणसांना आपल्या घरात तीन प्रश्न विचारून जेवू घातले, त्या शहरात त्याला एकही प्रश्न विचारणारा कोणी नसतो. समोर वडापावची गाडी असते, शेजारी वातानुकूलित उपाहारगृह असते. पहिल्याने पोट भरत नाही आणि दुसऱ्याने खिसा रिकामा होतो.

येथे कोणी म्हणेल की, कोकणी माणसाला शाकाहाराची एवढी चिंता कशाला? समुद्रकाठच्या माणसाचा जीव मासळीत असतो हे खरेच. परंतु ताज्या मासळीवर वाढलेला माणूसच परगावी मासळी खावयास सर्वांत अधिक कचरतो. ती केव्हाची, कोठली, हे त्याला विचारता येत नाही. शिवाय सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण हे सांभाळणारी घरे नागावात पुष्कळ आहेत आणि जी जन्मतःच शाकाहारी आहेत ती वेगळीच. रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला तर स्वतःचे पोट बिघडवून घेणे परवडतच नाही. तेव्हा ‘साधे शाकाहारी, पोटभर, अंगी लागणारे आणि खिशाला झेपणारे’ अशी त्याची मागणी असते. ती काही राजेशाही मागणी नव्हे. मग मुंबईसारख्या, खाण्याच्या पदार्थांनी ओसंडणाऱ्या शहरात ती पुरी का होऊ नये?

याचे उत्तर शहराच्या निष्ठुरपणात शोधण्यापेक्षा ताटाच्या हिशेबात शोधणे अधिक फलदायी होईल. क्रिसिल ही संस्था घरी शिजवलेल्या ताटाचा खर्च दरमहा काढीत असते. पोळ्या, भात, वरण, भाजी, दही आणि कोशिंबीर अशा शाकाहारी ताटाचा हा खर्च अलीकडच्या वर्षांत बहुतेक काळ पंचवीस ते पस्तीस रुपयांच्या दरम्यान राहिलेला आहे. मुंबईतील साधी राईस प्लेट मात्र आज शंभराच्या पुढेच सुरू होते आणि बऱ्याच ठिकाणी दीडशेपर्यंत जाते. मधले अंतर हे सर्वस्वी नफ्याचे नव्हे. त्यात जागेचे भाडे आहे, आचाऱ्याचा आणि वाढप्याचा पगार आहे, सिलिंडर आहे. घरच्या सिलिंडरवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, तर हॉटेलच्या सिलिंडरवर तो १८ टक्के. नोव्हेंबर २०१७ पासून उपाहारगृहाच्या बिलावरील कर ५ टक्के झाला, ही गोष्ट गिऱ्हाइकाला सुखाची वाटली. परंतु त्याचबरोबर मालकाला आधी भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली. तो कर कोणी तरी भरावयाचाच, आणि तो ताटातूनच भरला जातो.

या सर्वांहून मोठा खर्च मात्र कोणत्याही वहीत दिसत नाही. तो अनिश्चिततेचा खर्च होय. आज पन्नास माणसे येतील की दीडशे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने वरण किती शिजवावे? अधिक शिजवले तर नासते, कमी शिजवले तर गिऱ्हाईक परत जाते. भाजी-भाकरीपेक्षा वडा, भजी, डोसा, पुऱ्या हे पदार्थ हॉटेलवाल्याला सोयीचे वाटतात त्याचे कारण हेच आहे: मागणी आल्यावरच ते तळता किंवा भाजता येतात. अर्थात परगावच्या माणसाच्या वाट्याला तळलेले येते ते केवळ चवीच्या मोहाने नव्हे. नागावच्या गृहिणीचे तीन प्रश्न हे या अनिश्चिततेवरचे औषध आहे. ताट स्वस्त होते ते तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकण्यापूर्वीच, दूरध्वनीवर.

आणखी एक गोष्ट आहे. रोजच्या गिऱ्हाइकाला पाणचट वरण वाढणाऱ्याचा धंदा महिनाभरात बसतो. स्थानकासमोरच्या हॉटेलवाल्याला ती भीती नसते. आजचे गिऱ्हाईक उद्या येणार नाही हे तो जाणून असतो आणि गिऱ्हाईकही ‘एकदाच खावयाचे आहे’ म्हणून तक्रार करीत नाही. बाजार शुद्ध राखणारी जी पुन्हा येण्याची धमकी असते, तीच परगावच्या माणसाजवळ नसते. म्हणूनच कोणत्याही शहरात जेथे स्थानिक कारकून, शिपाई आणि विक्रेते दुपारी जेवताना दिसतात, तेथे शिरणे शहाणपणाचे. त्यांच्या रोजच्या दक्षतेचा लाभ पाहुण्याला फुकट मिळतो.

मुंबईला हे गणित कधीच ठाऊक नव्हते असे नाही. उलट, एके काळी या शहराने ते असे सोडविले होते की, त्याला तोड नाही. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बहुधा एकटे राहात. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांचे जेवण आसपासच्या बाया करीत. त्यांत गिरणी कामगारांच्या बायका होत्या, विधवा होत्या, टाकलेल्या स्त्रिया होत्या. महिन्याचे पैसे ठरलेले, जेवणाऱ्यांची संख्या ठरलेली. कोणी गावी जाणार असेल तर तो आधी सांगे आणि तितक्या दिवसांचा ‘खाडा’ धरला जाई. खाडा हा शब्द आज विद्यार्थ्यांच्या मेसपुरता उरला आहे. पण अर्थशास्त्राच्या पुस्तकातील कितीतरी पाने या दोन अक्षरांत मावतात. आधी कळविलेल्या अनुपस्थितीचे पैसे परत, न कळविलेल्या अनुपस्थितीचे नाही: म्हणजे अनिश्चिततेची किंमत जो ती निर्माण करतो त्याने द्यावयाची. अशा कराराखाली एक बाई आपल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत, जागेचे वेगळे भाडे न देता, पंधरा-वीस माणसांना दोन वेळ घरचे अन्न देऊ शकत होती.

या खानावळवाल्या बायांची खरी अडचण भांडवलाची होती. वाण्याचे धान्य उधारीवर आणि सावकाराचे व्याज भरमसाट. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या अडचणीवरच. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आणि मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेल्या या बाईंनी खानावळवाल्यांचे गट केले, गटाची जबाबदारी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेला, तारण नसलेल्या स्त्रियांना कर्ज देण्यास भाग पाडले. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणाने सामान्य माणसाचे काय भले झाले, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे एक उत्तर लालबाग-परळच्या त्या चुलींपाशी सापडते.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर गिरण्या पूर्वीसारख्या कधीच चालल्या नाहीत. कामगारांचा पगार गेला, म्हणजे खानावळवालीचे महिन्याचे पैसे गेले. कामगार गावी गेले, म्हणजे तिची ठरलेली पाने गेली. या दुसऱ्या बेकारीची नोंद संपाच्या इतिहासात फारशी होत नाही. गिरणगावाच्या जागी मनोरे आले आणि मनोऱ्यांतील कचेऱ्यांना भोजनगृहे आली. परळला रुग्ण घेऊन आलेला नागावकर आज ज्या रस्त्याने अन्नाच्या शोधात फिरतो, त्याच रस्त्यामागच्या चाळींत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शेकडो चुलींवर तेच अन्न शिजत होते.

गिरगाव-दादरच्या पांढरपेशा खानावळींची कथा याहून थोडी निराळी. बाहेरगावचा विद्यार्थी, पहिल्या नोकरीचा कारकून, लग्न व्हावयाचा मास्तर यांच्यावर त्या चालत. त्याआधीच्या पिढीने वार लावून जेवण केलेले, तिच्या मानाने खानावळ म्हणजे स्वातंत्र्यच. महिन्याच्या सभासदाबरोबर कोणी नातलग आला तर ‘पाहुण्याचे ताट’ मिळे, थोड्या अधिक दराने. परगावच्या माणसाची व्यवस्था अशी सभासदाच्या ओळखीवर होत असे. घरे महागली, तरुण मंडळी बोरिवली-डोंबिवलीकडे गेली आणि खानावळीची ठरलेली पाने विरळ झाली. १९१० पासून दादरला असलेल्या मामा काण्यांच्या उपाहारगृहासारखी काही जुनी नावे टिकली, पुष्कळशी गेली.

टिकले ते उडुपी हॉटेल, आणि ते का टिकले हे पाहण्यासारखे आहे. माटुंग्याला मध्य रेल्वेच्या स्थानकालगत रामा नायकांनी १९४२ मध्ये सुरू केलेल्या श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये आजही केळीच्या पानावर जेवण मिळते. तेथे मर्यादित ताट आणि पोटभर ताट असे दोन वेगळे दर आहेत. ही विभागणी वरवर साधी वाटते. पण थोडे खाणाऱ्याने भरपूर खाणाऱ्याचा भार उचलावा, ही ‘अमर्यादित थाळी’तील गोम तिने काढून टाकली आहे. वृद्ध माणूस, पथ्यावरचा माणूस, लहान मूल यांना मर्यादित ताटच योग्य. दुसरे म्हणजे इडली. आदल्या रात्री आंबवलेले पीठ, वाफेवर शिजवणे, तेल नाही, एका वेळी कितीतरी नग, आणि वाढल्यापासून दहा मिनिटांत टेबल रिकामे. ज्या शहरात जागेचे भाडे सर्वांत महाग, तेथे टेबल लवकर रिकामे होणे म्हणजेच स्वस्ताई. तांदूळ आणि उडीद यांचा मेळ शरीरालाही हितकर. धान्यात जे उणे असते ते डाळ भरून काढते. झुणका आणि भाकरी यांचे तत्त्व हेच आहे. आपल्या आज्यांनी प्रथिनांचे नाव न घेता ते पाळले.

प्रथिनांचा विषय निघालाच आहे तर सांगावयास हवे की, साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमाण आहे. वडापावावर काढलेल्या दिवसात त्याच्या निम्मीही पोटात जाणे कठीण. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर जन्मल्याचे सांगितले जाणाऱ्या या पदार्थाची निंदा करण्याचे कारण नाही. घाईत असलेल्या कामगाराची भूक त्याने भागविली आहे. पण मैदा, बटाटा आणि तळणीचे तेल हे सलग चार दिवसांचे जेवण होऊ शकत नाही. रेल्वेने २०२३ मध्ये फलाटांवर २० रुपयांत सात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी देण्यास आरंभ केला. दर स्तुत्य आहे. पाकिटात हिरवे पान मात्र नाही. २०२३-२४ च्या केंद्रीय उपभोग-खर्च पाहणीत शहरी कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४० टक्के आढळला आणि अन्नावरील खर्चात सर्वांत मोठा भाग पेये व तयार खाद्यपदार्थांचा निघाला. डाळी त्याच्या फार मागे आहेत. म्हणजे परगावचा माणूस प्रवासात नाइलाजाने जे करतो, ते शहर आता राजीखुशीने करू लागले आहे!

त्यातल्या त्यात निवड करावयाची तर सकाळी इडली-सांबार, दुपारी मर्यादित ताट किंवा उसळ-पोळी, हातपिशवीत भाजलेले चणे-शेंगदाणे आणि केळी, रात्री दहीभात, असा दिवस मुंबईत अजूनही माफक पैशांत निघतो. मिसळीच्या मटकीला दोष नाही, दोष तिच्यावरच्या तर्रीला. आणि पहिल्या दिवशीची सोय घरूनच करून निघणे हे आपल्याकडील जुने शहाणपण आहे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या उगीच प्रवासासाठी राखलेल्या नव्हत्या. मात्र हे सर्व एका-दोन दिवसांपुरते झाले. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागणाऱ्या कुटुंबाला दशम्यांचा सल्ला देणे ही थट्टा ठरेल.

तेथे आधार असतो तो धर्मादाय संस्थांचा. गाडगे महाराजांनी शिकलेल्या माणसांपेक्षा अधिक नेमके ओळखले होते की, रुग्णाबरोबर एक उपाशी नातेवाईक येत असतो; दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही दूरदूरच्या कर्करुग्णांना आसरा देते. गुरुद्वारातील लंगर तर कोणाचीही जात, गाव विचारीत नाही, आणि त्याचे अन्न शाकाहारीच असते. परंतु शिक्षक, कारकून, वाडीचा लहानसा मालक असा जो मधला माणूस, त्याचे पाय तेथे अडखळतात. त्याला दान नको असते. त्याला रास्त दरात विकत हवे असते. आपल्या समाजात गरिबांसाठी अन्नछत्र आहे, श्रीमंतांसाठी हॉटेल आहे. या मधल्या माणसाच्या संकोचाचा विचार क्वचितच कोणी करतो.

सरकारने दोनदा या प्रश्नाला हात घातला. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारची एक रुपयात झुणका-भाकर ही योजना पोषणाच्या दृष्टीने निर्दोष आणि अर्थकारणाच्या दृष्टीने सदोष होती. तिचे सर्व आकर्षण मोक्याच्या जागेत होते. अनुदान थांबले तेव्हा भाकरी गेली आणि जागा राहिली. तेथे इतर खाद्यपदार्थांचे ठेले चालू लागले आणि जागांचे वाद न्यायालयात पोचले. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली शिवभोजन थाळी यापेक्षा विचारपूर्वक आखलेली होती. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात १० रुपयांत. शहरी भागात वरचे ४० रुपये आणि ग्रामीण भागात २५ रुपये शासनाने प्रत्येक ताटामागे द्यावयाचे. जागेसाठी नव्हे, तर ताटासाठी पैसे देण्याचे हे तत्त्व योग्यच. टाळेबंदीच्या काळात या थाळीने हजारोंना तारले. तिचे दुखणे निराळे आहे. ताटांची संख्या ठरलेली आणि वेळ भर दुपारची, तेव्हा रांगेतून तीन वाजता सुटलेल्या माणसाला ती मिळत नाही. आणि २०२५ मध्ये तर देयके महिनोन्महिने थकल्याची तक्रार केंद्रचालकच करू लागले. ज्याला तांदळाचे पैसे रोख मोजावयाचे आहेत, त्याला सरकारची उधारी किती दिवस झेपणार? खानावळवालीला सावकाराच्या दारी जावे लागे ते याच कारणाने.

तमिळनाडूत २०१३ मध्ये चेन्नई महापालिकेने एक रुपयात इडली आणि पाच रुपयांत सांबारभात देणारी उपाहारगृहे काढली व ती बचत गटांतील स्त्रियांच्या हाती दिली. बंगळूरला १६ ऑगस्ट २०१७ पासून पाच रुपयांत न्याहारी आणि दहा रुपयांत जेवण देणारी कँटीन सुरू झाली. या दोन्ही ठिकाणी न्याहारीलाही स्थान आहे, ही लहानशी गोष्ट प्रवाशाच्या दृष्टीने मोठी आहे. पहाटे निघालेल्या माणसाची भूक सकाळी नऊची असते, बाराची नव्हे. दर मात्र इतका खाली ठेवणे जरूर होते का, याविषयी शंका घेता येईल. राजकीय पक्षाला दहा रुपयांचा आकडा फलकावर शोभतो. नागावच्या माणसाला साठ-सत्तर रुपयांत प्रामाणिक ताट मिळाले तरी पुरे आहे, आणि एवढ्या दरात अनुदानाची गरज फारच थोडी उरते. गरज उरते ती जागेची आणि ठरलेल्या पानांची.

आणि ही दोन्ही मिळण्यासारखी आहेत. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांची संख्या रोज सकाळी तेथल्या कचेरीला ठाऊक असते. त्यांच्याबरोबरच्या नातेवाइकांकडून सकाळच्या फेरीतच दुपारच्या आणि रात्रीच्या ताटाचे कूपन भरून घेतले, आवारातील एक खोली नाममात्र भाड्याने महिला बचत गटाला दिली आणि घेतलेल्या कूपनाचे पैसे त्याच दिवशी गटाच्या हाती पडले, तर गिरणगावातील खानावळीचे जुने गणित जसेच्या तसे जुळते. खाडाही धरता येईल. रुग्णाला घरी सोडले की उरलेली कूपने परत. नव्या शोधाची येथे गरज नाही, आणि मोठ्या घोषणेची तर मुळीच नाही. मंत्रालयात किंवा विद्यापीठात कामासाठी येणाऱ्यांकरिताही सकाळी अकरापर्यंत नोंदवावयाचे पाहुण्याचे ताट तेथल्या उपाहारगृहांना सहज चालवता येईल.

तोवर नागावकरांनी आपली सोय आपल्या परीने केलेली आहे. लालबागला कोणाची आत्या असते, गिरगावात कोणाचा मेव्हणा असतो. रुग्णालयाची तारीख मिळाली की आदल्या रात्री तिकडे दूरध्वनी जातो आणि पलीकडून विचारणा होते, ‘किती जण येताय? जेवायला थांबाल ना?’ ज्यांचा मुंबईत कोणी नाही, ते दुपारी अडीच वाजता रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभे राहून दोन्ही बाजूंच्या पाट्यांवरील दर वाचीत असतात.